सरकती जागतिक सत्ता आणि उदयोन्मुख महासत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक सत्तासंतुलनाविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी घेतले असून अडचणीचे आणि अपवादांचे प्रश्न नंतर येतात. जो मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक भूमिका मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवतो. सत्ता सर्व बाजूंनी एकाच वेळी सरकत नाही. आधी कारखाने हलतात, आरमार त्यांच्या मागून जाते, चलन त्याहून उशिरा, आणि नियम ठरवणाऱ्या खुर्च्या सर्वांत शेवटी. या विषयावरचे बरेचसे वाद एका थराचे माप दुसऱ्याला लावल्यामुळे होतात.

१. महासत्ता म्हणजे नेमके काय? प्रत्येक मोठा आणि श्रीमंत देश महासत्ता का नसतो?

जगाच्या कोणत्याही भागात आपल्या हिशेबाने हस्तक्षेप करू शकणारा, आणि तसे करताना दुसऱ्या कोणाची परवानगी घ्यावी न लागणारा देश म्हणजे महासत्ता, ही कामचलाऊ व्याख्या पुरेशी आहे. या अर्थाने हा शब्द १९४४ मध्ये अमेरिकेतील अभ्यासक विल्यम फॉक्स यांनी वापरला, तेव्हा त्यांच्या यादीत तीन नावे होती : अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन. त्यांपैकी तिसरे नाव बारा वर्षांतच गळाले. जुलै १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि काही महिन्यांत ब्रिटन, फ्रान्स व इस्राएल यांनी इजिप्तवर लष्करी कारवाई सुरू केली. रणांगणावर ती यशस्वी होत होती. परंतु पौंडावर ताण येऊ लागला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीची गरज पडली, आणि युद्धबंदी होईपर्यंत अमेरिकेने त्या मदतीला आडकाठी केली. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनने कारवाई थांबवली आणि पुढच्या जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. ब्रिटनकडे विमाने, युद्धनौका आणि छत्रीधारी सैनिक सारे काही होते. नव्हती ती फक्त परवानगी.

२. सत्ता खरोखरच सरकत आहे, हे कशावरून म्हणायचे?

उत्पादन आणि व्यापार या दोन थरांवरून हे अगदी स्पष्ट दिसते. १९९० च्या सुमारास जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाकडे जगाच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास दोन-तृतीयांश हिस्सा होता. आज तो निम्म्याहून कमी आहे. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला, २००९ मध्ये जगातील सर्वांत मोठा वस्तुनिर्यातदार झाला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. जगातील कारखानदारीच्या मूल्यापैकी तीस टक्क्यांच्या आसपास वाटा आज एकट्या चीनचा आहे, आणि टनांच्या हिशेबात जगातील निम्म्याहून अधिक नवी जहाजे चिनी गोद्यांत बांधली जातात. जहाजबांधणीचा आकडा मला इतर आकड्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो, कारण व्यापारी जहाजे बांधणारी गोदी आणि तेथील कुशल कामगार गरज पडताच युद्धनौकांकडे वळवता येतात. चलन आणि नियम या थरांवर मात्र चित्र इतके सरळ नाही (प्रश्न ६ आणि १३ पाहा).

३. कोणी म्हणते चीनची अर्थव्यवस्था पहिल्या क्रमांकाची आहे, कोणी म्हणते अमेरिकेची. खरे कोणते?

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण मोजण्याच्या फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. एका पद्धतीत प्रत्येक देशाचे उत्पन्न बाजारातील विनिमय दराने डॉलरमध्ये बदलतात. त्या मापाने अमेरिका स्पष्टपणे पुढे आहे. दुसरी पद्धत क्रयशक्तीची. केस कापण्याचे काम दोन्ही देशांत सारखेच असते, कात्री तीच आणि वेळही तेवढाच. पण एका ठिकाणी त्याचे दाम दुसऱ्याच्या कित्येक पट असते. हा किमतींतला फरक काढून टाकला की चीन गेल्या दशकाच्या मध्यापासूनच पुढे दिसतो.

कोणते माप वापरायचे, हे प्रश्नावर अवलंबून आहे. देशातील लोक कसे जगतात, सैनिकाचा पगार आणि देशातच बनणारा तोफगोळा किती स्वस्त पडतो, हे पाहायचे असेल तर क्रयशक्तीचे माप योग्य. तेल, परदेशी यंत्रे आणि परकीय कर्जाचे हप्ते यांसाठी मात्र बाजारदराचेच माप लागते, कारण तेलविक्रेता स्वस्त केशकर्तनाच्या बदल्यात तेल देत नाही.

४. मग बाजारदरानेही चीन अमेरिकेच्या पुढे केव्हा जाईल?

असे वर्ष सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. २०२१ मध्ये चीनची अर्थव्यवस्था अमेरिकेच्या सुमारे तीन-चतुर्थांश झाली होती, आणि ‘या दशकाच्या अखेरीस’ असे भाकीत सर्रास केले जात होते. त्यानंतर अंतर वाढले. आज हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास आहे. घरबांधणी क्षेत्राची घसरण हे त्याचे एक कारण. चीनचे चलन युआन डॉलरच्या तुलनेत उतरले हे दुसरे. तिसरे कारण गमतीचे आहे : अमेरिकेतील महागाईमुळे तिचे उत्पन्न डॉलरमध्ये फुगलेले दिसू लागले. याशिवाय २०२२ मध्ये चीनची लोकसंख्या सहा दशकांत प्रथमच घटली. दरडोई उत्पन्न १३,००० डॉलरच्या आसपास असताना काम करणारे हात कमी होऊ लागणे, ही अडचण आजच्या श्रीमंत देशांना त्या टप्प्यावर आली नव्हती.

तरीही ‘पुढे जाण्याचा’ क्षण म्हणजे निकाल, अशी समजूत असेल तर तीही सोडावी. अमेरिकेची अर्थव्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ब्रिटनहून मोठी झाली होती. पण डॉलरने पौंडाची जागा पूर्णपणे घ्यायला दुसरे महायुद्ध संपावे लागले.

५. १९८० च्या दशकात जपानबद्दलही हेच बोलले जात होते ना? चीनचेही तसेच होईल का?

जपानची आठवण काढणे योग्यच आहे. १९९५ मध्ये जपानची अर्थव्यवस्था अमेरिकेच्या सत्तर टक्क्यांहून अधिक होती. आज ती सातव्या हिश्श्याच्या जवळपास आहे. टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला आणि ती पातळी त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी पुन्हा गाठता आली. जमीनजुमल्याच्या किमतींचा फुगा, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या आणि निर्यातीवरचा भर ही साम्ये डोळ्यांत भरण्यासारखी आहेत.

परंतु एक मूलभूत फरक राहतोच. जपानचे संरक्षण अमेरिकेच्या हाती होते, आणि म्हणूनच सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात येन महाग करण्याचा करार झाला तेव्हा जपानला फारशी घासाघीस करता आली नाही. चीनवर असा दाब आणण्याची सोय कोणाकडेच नाही. शिवाय जपानची लोकसंख्या अमेरिकेच्या निम्मी होती, तर चीनची चौपट आहे. त्यामुळे चीन मंदावला तरी जपानसारखा चित्रातून बाजूला होणार नाही, असे माझे मत आहे.

६. डॉलरची सद्दी संपत आली आहे का?

संपत आलेली नाही. पण तिची झीज सुरू आहे, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या ज्ञात परकीय चलनसाठ्यात डॉलरचा वाटा या शतकाच्या आरंभी सत्तर टक्क्यांच्या वर होता, तो आता साठ टक्क्यांच्या खाली आला आहे. मात्र ती जागा युआनने घेतलेली नाही. त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो आहे. वाढ झाली ती अनेक लहान चलनांची आणि सोन्याची. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा साठा गोठवला. त्या वर्षापासून मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले, तेही सलग तीन वर्षे. आपल्या तळघरातले सोने दुसऱ्याला गोठवता येत नाही, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

डॉलर टाळून व्यवहार करताना घोडे कोठे अडते, याचे एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. हे युद्ध सुरू झाल्यानंतर भारताने रशियाकडून मोठ्या प्रमाणावर तेल घेतले, आणि त्याचे काही पैसे रुपयांत चुकते करण्याची व्यवस्था झाली. पण भारताकडून रशियाला घेण्याजोगे तेवढे सामान नव्हते. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनीच सांगितले, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचले आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. एखाद्या देशाचे चलन जगाने घरात साठवून ठेवावे, असे वाटत असेल तर ते केव्हाही, कोठेही आणि कोणालाही न विचारता बदलता आले पाहिजे. चीन भांडवलाच्या ये-जा करण्यावरची पकड सोडायला तयार नाही, आणि युआनचे घोडे नेमके तेथेच अडते.

७. ब्रिक्स हा पाश्चात्त्य देशांविरुद्धचा गट आहे का?

हे नाव मुळात एका गुंतवणूक बँकेत जन्मले. गोल्डमन सॅक्सचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांनी २००१ मध्ये ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांची आद्याक्षरे जोडली. या देशांच्या प्रमुखांची पहिली शिखर परिषद जून २००९ मध्ये रशियातील येकातेरिनबर्ग येथे झाली. पुढे दक्षिण आफ्रिका आली, २०२४ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण व संयुक्त अरब अमिराती, आणि जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया.

रशिया आणि इराण यांना हा गट पाश्चात्त्यविरोधी हवा आहे. भारत, ब्राझील आणि अमिराती यांना तो तसा नको आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात भारत आणि चीन यांच्या सैनिकांत रक्तपात झाला, तेव्हाही दोघे या गटात होते आणि आजही आहेत. तेव्हा ही आघाडी नाही, एकत्र बसण्याची जागा आहे. गटाने शांघायमध्ये स्थापन केलेल्या विकास बँकेचे वर्तन यावर बरेच काही सांगून जाते : मार्च २०२२ मध्ये या बँकेने रशियातील नवे व्यवहार स्वतःहून थांबवले. भांडवली बाजारातली आपली पत राखायची तर तिला दुसरा मार्ग नव्हता.

८. भारत महासत्ता होणार का, आणि केव्हा?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि उत्तर कोणालाच पूर्ण आवडत नाही. भारत २०२२ मध्ये ब्रिटनला मागे टाकून पाचव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला, २०२३ मध्ये लोकसंख्येत चीनच्या पुढे गेला, आणि त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. दुसरीकडे दरडोई उत्पन्न २,७०० डॉलरच्या आसपास, म्हणजे चीनच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके आहे. संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी, तर चीनचा अडीच टक्क्यांच्या वर आणि अमेरिकेचा तीन टक्क्यांच्या वर आहे.

सर्वांत अडचणीची बाब म्हणजे ज्या देशाशी सीमेवर तंटा, त्याच्याच मालावर कारखाने अवलंबून. २०२४-२५ या आर्थिक वर्षात चीनबरोबरच्या व्यापारातील भारताची तूट ९९ अब्ज डॉलरच्या घरात गेली. मोबाइलचे सुटे भाग, औषधांचा कच्चा माल, सौर पॅनेल असे बरेच काही त्यात येते. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या (प्रश्न ११ पाहा) चुंबकांची निर्यात रोखली, तेव्हा विजेवर चालणारी वाहने बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांना दरमहाच्या उत्पादनाची चिंता पडली.

परवानगी न लागण्याची जी कसोटी प्रश्न १ मध्ये सांगितली आहे, तीवर भारत आज उतरत नाही. मात्र ज्याला कोणी गृहीत धरू शकत नाही आणि जो एकाच वेळी रशियाकडून तेल, फ्रान्सकडून लढाऊ विमाने व अमेरिकेकडून इंजिने घेतो, असा देश तो आधीच आहे. हे स्थान महासत्तेचे नाही. पण ते हलकेही नाही.

९. रशियाला महासत्ता म्हणावे की नाही?

अण्वस्त्रांच्या बाबतीत होय, कारण जगातील सुमारे नव्वद टक्के अण्वस्त्रे अमेरिका आणि रशिया या दोघांकडे आहेत. इतर बाबतींत नाही. बाजारदराने रशियाची अर्थव्यवस्था इटलीच्या आसपासची आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या काळ्या समुद्रातील आरमाराची प्रमुख नौका ‘मोस्कवा’ ज्या युक्रेनने बुडवली, त्याच्याकडे नाव घेण्यासारखे आरमारच नव्हते. आणि २०२४ मध्ये स्वतःच्याच कुर्स्क भागात लढण्यासाठी उत्तर कोरियाचे सैनिक आणावे लागले. मात्र नुकसान करण्याची क्षमता ही घडवण्याच्या क्षमतेहून जास्त काळ टिकते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

१०. युरोपीय संघ इतका श्रीमंत असूनही त्याला महासत्तांत का गणत नाहीत?

परराष्ट्र धोरणाच्या मोठ्या निर्णयांना २७ सदस्यांचे एकमत लागते, आणि एकट्या हंगेरीनेही अनेकदा गाडी अडवून धरलेली आहे. संरक्षणासाठी बहुतेक सदस्य नाटोवर, म्हणजे पर्यायाने अमेरिकेवर विसंबून आहेत.

पण नियम बनवण्याच्या बाबतीत युरोप आजही महासत्ता आहे, आणि याचा पुरावा अनेकांच्या खिशात असतो. २८ डिसेंबर २०२४ पासून संघात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनना एकाच प्रकारचे चार्जिंगचे छिद्र असणे बंधनकारक झाले. ॲपल कंपनीने या नियमाला विरोध केला होता. तरीही तिने सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोनचे छिद्र बदलले, आणि तेही जगभर. एका बाजारासाठी वेगळा फोन बनवणे परवडत नाही. ब्रसेल्समधील संघाच्या यंत्रणेने एकही युद्धनौका न हलवता हे साधले.

११. तैवान किंवा नेदरलँड्ससारखे लहान देश या खेळात इतके महत्त्वाचे का झाले?

कारण ते अशा अरुंद वाटांवर उभे आहेत, ज्या टाळून पुढे जाता येत नाही. जगातील सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतांश तैवानमध्ये बनतात. त्या चिपवर नक्षी कोरणारे यंत्र जगात एकच कंपनी बनवते : नेदरलँड्समधील वेल्डहोवेन या गावची एएसएमएल. या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे पन्नास हजार या वेगाने सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा होतो; त्यातून निघणारा १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जर्मनीत घासलेल्या आरशांवरून परावर्तित होऊन चिपवर पडतो. प्रकाशाच्या स्रोताचे तंत्र अमेरिकेतील आहे. म्हणूनच हे यंत्र डच असले तरी ते कोणाला विकायचे, यात अमेरिकेचा शब्द चालतो, आणि ते चीनला मिळालेले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने प्रगत चिप व ती बनवण्याची साधने यांच्या निर्यातीवर व्यापक बंधने घातली.

चीनच्या हातीही अशीच एक वाट आहे. दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के व्यवसाय त्याच्याकडे आहे. हे धातू नावाइतके दुर्मीळ नाहीत. ते वेगळे करण्याचे काम घाण, किचकट आणि कमी नफ्याचे असल्याने इतरांनी ते सोडून दिले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांपैकी सात धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही आठवड्यांतच दूरदूरच्या काही मोटार कारखान्यांना उत्पादन थांबवावे लागले.

१२. चीन कर्जाच्या सापळ्यात अडकवून देश ताब्यात घेतो, हे खरे आहे का?

या आरोपासाठी नेहमी श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराचे उदाहरण दिले जाते, आणि ते सांगतात तितके सरळ नाही. २०१७ मध्ये हे बंदर एका चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, एवढे खरे. परंतु त्या बदल्यात मिळालेल्या १.१२ अब्ज डॉलरमधून बंदराचे कर्ज फेडले गेले नाही. ती रक्कम परकीय चलनाची गंगाजळी सावरण्यासाठी वापरली गेली आणि कर्ज तसेच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता, चिनी कर्जाचा नव्हे.

याचा अर्थ चिनी कर्ज निरुपद्रवी आहे, असा नाही. अटी गुप्त ठेवणे, आणि इतर धनको सूट देत असताना आपण मुदतवाढीवर भागवणे, या तक्रारींत तथ्य आहे. मात्र सापळा रचला गेला यापेक्षा, न चालणाऱ्या प्रकल्पाला दोन्ही बाजूंनी डोळे झाकून पैसा दिला आणि घेतला गेला, हे वर्णन मला वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे वाटते.

१३. जग इतके बदलले, तरी सुरक्षा परिषद आणि नाणेनिधी तसेच का राहिले?

कारण बदलाची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांचेच त्या बदलाने नुकसान होते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम १०८ नुसार दुरुस्तीला दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते आणि त्यांत पाचही कायम सदस्य असावे लागतात. परिषदेचा विस्तार आजवर एकदाच, १९६५ मध्ये झाला. सदस्य ११ चे १५ झाले, पण वाढलेल्या चारही जागा अस्थायी होत्या. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील एकमेकांच्या दाव्यांना पाठिंबा देतात. पाकिस्तान, इटली आदींचा गट नव्या कायम जागांनाच विरोध करतो. आफ्रिकी देश दोन कायम जागा नकाराधिकारासह मागतात. कायम सदस्यांना स्वतः नकार देण्याची वेळ सहसा येतच नाही.

नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून थोडी अधिक मते आहेत. हिशेब उघड आहे. चीनची मते सहा टक्क्यांच्या आसपास, तर भारताची पावणेतीन टक्क्यांहूनही कमी आहेत. २०१० मध्ये ठरलेली मतवाटपाची माफक सुधारणा अमलात यायला अमेरिकी संसदेच्या मंजुरीअभावी जानेवारी २०१६ उजाडले. तोपर्यंत चीनने बीजिंगमध्ये आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक उभी केली होती.

१४. महासत्ता नसलेले मधले देश या काळात काय मिळवू शकतात?

बरेच काही, आणि इंडोनेशिया हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बॅटरी आणि पोलाद यांसाठी लागणारे निकेल तेथे विपुल आहे. जानेवारी २०२० पासून इंडोनेशियाने कच्च्या निकेलची निर्यातच बंद केली आणि ज्यांना निकेल हवे त्यांनी येथे येऊन कारखाना काढावा, अशी भूमिका घेतली. चिनी कंपन्यांनी कारखाने काढले, युरोपीय संघाने तक्रार केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने इंडोनेशियाविरुद्ध निर्णय दिला. इंडोनेशियाने अपील केले. गंमत अशी, की अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच आहे, कारण अमेरिकेने त्यावरील नेमणुका रोखून धरल्या आहेत. जुन्या महासत्तेने मोडून ठेवलेल्या दाराआड नव्या देशाला आसरा मिळाला. या धोरणाची किंमत जंगलतोड आणि प्रदूषण यांच्या रूपाने स्थानिक लोक मोजत आहेत, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

१५. अठराव्या शतकापर्यंत भारत आणि चीन यांच्याकडे जगाचे जवळजवळ निम्मे उत्पन्न होते. मग हा उदय की पुनरागमन?

आकडा अंदाजाचा असला तरी मोघमपणे बरोबर आहे. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक अँगस मॅडिसन यांच्या गणितानुसार १७०० साली दोन्ही देशांचा एकत्रित वाटा जवळपास तेवढा होता. परंतु त्या काळी उत्पन्न म्हणजे मुख्यतः शेती, आणि शेतीचे उत्पन्न लोकसंख्येच्या मागे जाते. माणसे जास्त म्हणून उत्पन्न जास्त, आणि त्यातले बहुतेक त्याच माणसांच्या पोटात जाई. मॅडिसन यांच्याच हिशेबाने १८२० साली चीनकडे जगाचे जवळपास एक-तृतीयांश उत्पन्न होते, आणि १८४२ मध्ये पहिल्या अफूच्या युद्धात हरून त्याला हाँगकाँग ब्रिटनला द्यावे लागले. खाऊनपिऊन उरलेले धन, आणि ते गोळा करून जहाजे व तोफा यांत घालणारे सरकार, यांवर सत्ता उभी राहते. ‘पुनरागमन’ हा शब्द मनाला बरा वाटतो. पण आज जे घडते आहे ते नवे आहे.

१६. अमेरिका खरोखरच उतरणीला लागली आहे का?

जगाच्या उत्पन्नात तिचा वाटा बाजारदराने आजही पाव हिश्श्याच्या आसपास आहे, म्हणजे १९८० मध्ये होता साधारण तेवढाच. चीनने जी जागा घेतली, ती मुख्यतः जपान आणि युरोप यांच्या वाट्यातून आली. हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ११ विमानवाहू नौका, नाटोतील ३१ सहकारी, जपान व दक्षिण कोरियाशी संरक्षण करार हे सारे अमेरिकेकडे आहे, तर चीनचा परस्पर संरक्षणाचा करार एकट्या उत्तर कोरियाशी आहे.

चिंता वेगळ्या ठिकाणी आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा कर्जावरील व्याजाचा खर्च संरक्षण खर्चाहून अधिक झाला. मे २०२५ मध्ये तिसऱ्या मोठ्या पतमापन संस्थेनेही तिची सर्वोच्च श्रेणी काढून घेतली. आणि मित्रांवरच आयातशुल्क लादून, मदतीचे कार्यक्रम गुंडाळून तिने आपली सर्वांत स्वस्त पडणारी सत्ता, म्हणजे इतरांची आपण होऊन साथ देण्याची तयारी, स्वतःच खर्च करायला घेतली आहे.

१७. जुनी आणि नवी महासत्ता यांच्यात युद्ध अटळ असते का?

नाही. हार्वर्डचे ग्रॅहम ॲलिसन यांनी पाच शतकांतील अशी १६ उदाहरणे तपासली आणि त्यांपैकी १२ युद्धात संपली, असा निष्कर्ष काढला. उदाहरणांच्या निवडीवर आक्षेप आहेत. तरीही उरलेली चार अधिक उपयोगी वाटतात. ब्रिटन आणि अमेरिका यांचेच घ्या. १८९५ मध्ये व्हेनेझुएलाच्या सीमावादावरून दोघांत युद्धाची भाषा झाली होती. १९०१ मध्ये मध्य अमेरिकेतील कालवा एकट्या अमेरिकेने बांधावा, हे ब्रिटनने करार करून मान्य केले. सद्भावनेचा भाग त्यात थोडाच होता; जर्मनी झपाट्याने आरमार वाढवत होता आणि दोन आघाड्या ब्रिटनला परवडत नव्हत्या. आज चीनच्या बाबतीत अमेरिकेला दुसरीकडे वळवणारा असा तिसरा प्रतिस्पर्धी नाही, आणि तैवान ही माघार घेण्याजोगी दूरची सीमा नाही. संयमाचे खरे कारण दोन्हीकडची अण्वस्त्रे हेच आहे.

१८. बहुध्रुवीय, म्हणजे अनेक सत्ताकेंद्रांचे, जग लहान देशांसाठी अधिक चांगले असेल ना?

शांततेच्या काळात होय, कारण नाकदुऱ्या काढणारे वाढतात आणि घासाघीस करता येते (प्रश्न १४). संकटकाळात नाही. १९१४ पूर्वीचा युरोप बहुध्रुवीयच होता, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी अनेक सत्तांनी लेखी दिलेली होती; तरीही त्या वर्षी जर्मन सैन्य त्यात घुसलेच.

१९. सोव्हिएत संघच राहिला नाही, तर सुरक्षा परिषदेतील त्याची कायम जागा रशियाला कोणत्या नियमाने मिळाली?

कोणत्याही नियमाने नाही, एका पत्राने. २४ डिसेंबर १९९१ रोजी बोरिस येल्त्सिन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवले, की सोव्हिएत संघाचे सदस्यत्व यापुढे रशिया चालवील. मतदान झाले नाही, सनदेत दुरुस्ती झाली नाही, आणि कोणी हरकतही घेतली नाही. सोव्हिएत राजदूत युली व्होरोन्त्सोव्ह तेच रशियाचे राजदूत झाले आणि टेबलावरची पाटी बदलली. चीनच्या जागेबाबत निदान मतदान तरी झाले होते : २५ ऑक्टोबर १९७१ रोजी महासभेने ती तैवानमधील सरकारकडून काढून बीजिंगला दिली. सनदेच्या कलम २३ मध्ये पाच कायम सदस्यांची नावे दिलेली आहेत, आणि त्यांत आजही ‘चीनचे प्रजासत्ताक’ व ‘सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ’ असेच छापलेले आहे.